पत्ता बदलला, तरी पत्र पोचलं पाहिजे!

बालमित्रांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालतो. काही गावांचं नाव तेच राहिलं, पण जागा बदलली. एका गावाची जागा तीच राहिली, पण नाव बदललं. आणि ही सगळी गावं एकाच जिल्ह्यात आहेत. ओळखा पाहू कोणता जिल्हा?

नाही आलं ओळखता? मराठवाड्याचा नकाशा काढा. सोलापूर आणि लातूर यांच्या मधोमध बोट ठेवा. हाच तो, तुळजाभवानीचा, गोरोबाकाकांच्या तेरचा आणि नळदुर्गच्या किल्ल्याचा धाराशिव जिल्हा!

आधी कोड्याचा पहिला भाग पाहू. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बाप्पाला निरोप देऊन लोक दमून झोपले होते. पहाटे चार वाजायच्या आत जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर यांसारखी गावं काही क्षणांत ढिगारा झाली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली. पुढे दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं जुन्या जागेवर पुन्हा न बांधता दुसऱ्या जागी वसवण्यात आली. रस्ते नवे, घरं नवी, शाळा नवी. नाव मात्र जुनंच! मुंबईला कामाला गेलेल्या मुलाने पाकिटावर जुनंच नाव लिहिलं, तरी पत्र नव्या जागी जायला हवं होतं.

आता दुसरा भाग. जिल्ह्याच्या मुख्य शहराचं जुनं नाव धाराशिव. निजामाच्या राजवटीत, सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून ते उस्मानाबाद झालं. २०२३ साली शहराला आणि जिल्ह्याला पुन्हा धाराशिव हे नाव मिळालं. २०२५ साली रेल्वे स्टेशनची पाटीही बदलली. शहर जागचं हललं नाही, एक वीटही इकडची तिकडे झाली नाही, पण पत्ता बदलला. (गंमत म्हणजे इथली प्रसिद्ध काळी शेळी अजूनही ‘उस्मानाबादी’च म्हणवते. तिला कोणी विचारलंच नाही!)

मग सांगा, आज एखाद्या आजोबांनी सवयीने पाकिटावर ‘उस्मानाबाद’ लिहिलं, तर पत्र हरवेल का?

सहा आकड्यांची किमया

हरवणार नाही. कारण आजोबांनी नावाखाली सहा आकडे लिहिले असतील: ४१३५०१. नाव बदललं, पण पिनकोड बदलला नाही.

पिनकोड ही कल्पना एका मराठी माणसाची, बरं का! श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आपल्या देशात एकाच नावाची गावं किती तरी. नुसती ‘वडगाव’ आणि ‘पिंपळगाव’ मोजायला बसलात तर बोटं पुरायची नाहीत. त्यात पत्ते लिहिले जातात अनेक भाषांत, अनेक अक्षरांत. टपाल निवडणाऱ्याने करायचं काय? यावर वेलणकरांनी आकड्यांचा उपाय काढला. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला.

हे आकडे वाचायला सोपे आहेत. पहिला ४ म्हणजे पश्चिमेकडचा मोठा विभाग. त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पुढच्या आकड्यांनी भाग लहान लहान होत जातो. सोलापूर ४१३ ने सुरू होतं आणि धाराशिवही ४१३ नेच. शेवटचे तीन आकडे थेट टपाल कार्यालय दाखवतात. धाराशिव ४१३५०१, परंडा ४१३५०२, कळंब ४१३५०७, तुळजापूर ४१३६०१, उमरगा ४१३६०६.

पण समजा, गाव तेच आहे, पिनकोड तोच आहे आणि तुम्हीच उठून पुण्याला राहायला गेलात. मग? पूर्वी लोक पोस्टात एक अर्ज द्यायचे, आजही देता येतो: ‘आमचा मुक्काम बदलला आहे, आमची पत्रं या नव्या पत्त्यावर पाठवा.’ मग जुन्या गावचा पोस्टमन पाकिटावरच्या जुन्या पत्त्यावर रेघ मारतो, शेजारी नवा पत्ता लिहितो आणि पाकीट पुन्हा थैलीत टाकतो. पाठवणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. त्याला पत्ताही लागत नाही की मध्ये एवढी खटपट झाली!

दोस्तांनो, आजचा आपला विषय हाच आहे. फक्त पाकीट कागदाचं नाही. ई-मेलचं टपालही असंच जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर आपोआप पाठवता येतं. त्याला म्हणतात ‘ऑटोमॅटिक फॉरवर्डिंग’. सोप्या मराठीत, परस्पर पुढे धाडणं.

एका ताईची गोष्ट

‘पण याची आम्हाला काय गरज?’ असं म्हणाल, तर माझ्या ओळखीच्या एका ताईची गोष्ट ऐका.

ही ताई उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यातली. नववीत असताना शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ती बाबांबरोबर एका ऑनलाइन केंद्रात गेली. अर्जात ई-मेलचा रकाना होता. हिच्याकडे कुठला ई-मेल? केंद्रातल्या दादांनी दोन मिनिटांत एक खातं काढून दिलं. नावाचं पहिलं अक्षर, आडनाव आणि पुढे चार आकडे. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी आईने देवघरातल्या डब्यात ठेवली आणि खातं राहिलं बाबांच्या फोनमध्ये.

बारावीनंतर ताईला पुण्याला प्रवेश मिळाला. नवा फोन आला. तिने स्वतःच्या पूर्ण नावाचं छान नवं ई-मेल खातं काढलं. पण वसतिगृहाच्या अर्जात पडला तो जुनाच पत्ता, कारण आधीच्या सगळ्या कागदपत्रांवर तोच होता.

जुलैच्या एका सोमवारी जुन्या पत्त्यावर पत्र आलं: अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही, तीन दिवसांत जोडा. बाबा पेरणीच्या गडबडीत. फोन घरी खुंटीला पिशवीत. ताई पुण्यात रोज नवं खातं उघडून पाहते आहे, तिथे काहीच नाही. शेवटी शुक्रवारी फोनवर बोलताना ती बाबांना म्हणाली, ‘जरा जुनं खातं बघा हो.’ तोपर्यंत मुदत संपली होती. खोली यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. दाखला घरातच होता, त्याच डब्यात, चिठ्ठीच्या शेजारी!

ते वर्ष ताईने मावशीकडे राहून काढलं. कॉलेजला जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. दुसऱ्या वर्षी तिला वसतिगृह मिळालं. पण त्याआधी, त्या पहिल्याच रविवारी, तिने एक काम केलं. जुन्या खात्याचं टपाल नव्या खात्याकडे वळवलं. मला म्हणाली, ‘काका, दहा मिनिटांचं काम होतं हो!’

चूक कोणाची होती? पाठवणाऱ्याने दिलेल्या पत्त्यावरच पत्र पाठवलं. बाबांनी शेत सांभाळलं. ताईने रोज टपाल पाहिलं. तीन शहाणी माणसं, आणि तरी पत्र चुकलं. कारण जुन्या गावच्या ‘पोस्टमन’ला नवा पत्ता कोणी सांगितलाच नव्हता.

आकडे बोलणारा पोस्टमन

ई-मेल दिसतो नवा, पण तसा बराच जुना आहे. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाळ्यातून पहिला निरोप पाठवला. दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारीच होते! माणसाचं नाव आणि कॉम्प्युटरचं नाव यांच्या मध्ये त्याने जे चिन्ह ठेवलं, ते आपण ‘ॲट’ म्हणतो. आपल्या देशात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. पिनकोडचाही तोच वाढदिवस, आलं ना लक्षात?

ई-मेलचं टपाल कसं न्यायचं, याचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या शास्त्रज्ञाने लिहून काढले. त्या नियमांत दोन मजेदार आकडे आहेत. एक कॉम्प्युटर दुसऱ्याला पत्र देऊ लागला की दुसरा आकड्यांत उत्तर देतो. २५१ म्हणजे: ‘हे गृहस्थ आता इथे राहत नाहीत, पण मी पत्र पुढे पाठवतो.’ आणि ५५१ म्हणजे: ‘हे इथे राहत नाहीत, त्यांचा नवा पत्ता हा, तिकडे तुम्हीच पाठवा.’

आपल्या गल्लीत असे दोन्ही प्रकारचे शेजारी असतात, नाही का? एक जण पाकीट ठेवून घेतो आणि पोचवतो. दुसरा दारातूनच सांगतो, ‘ते लोक गेले सोलापूरला, रेल्वे लाइन्सजवळ विचारा.’ कॉम्प्युटरच्या शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न पहिल्यापासून पडला होता. माणसं घरं बदलणारच, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

त्या काळच्या ‘युनिक्स’ पद्धतीच्या कॉम्प्युटरांत तर भलतीच सोपी युक्ती होती. आपल्या कप्प्यात ‘डॉट फॉरवर्ड’ नावाची एक छोटी फाइल करायची आणि तिच्यात एकच ओळ लिहायची, नवा पत्ता. बस्स! टपाल परस्पर पुढे जायला लागायचं. आज आपण बटणं दाबतो, पण आत घडतं ते साधारण तेच.

चला, करून पाहू!

बहुतेक मुलांकडे आणि पालकांकडे जीमेलचं खातं असतं, म्हणून तेच उदाहरण घेऊ. आई-बाबांना किंवा ताई-दादांना शेजारी बसवा. काम कॉम्प्युटरवर करा, कारण फोनमधल्या जीमेल ॲपमध्ये ही सोय मिळत नाही. घरी कॉम्प्युटर नसेल तर शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांना विचारून करा.

१. आधी जुन्या खात्यात शिरा. लक्षात ठेवा, अर्ज नेहमी जुन्या गावच्या पोस्टात द्यायचा असतो!

२. उजवीकडे वर दातेरी चाकाचं चित्र आहे. त्यावर टिचकी मारा आणि ‘सी ऑल सेटिंग्ज’ उघडा. वरच्या पट्टीत ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ असं लिहिलेलं सापडेल.

३. तिथे ‘ॲड अ फॉरवर्डिंग ॲड्रेस’ वर टिचकी मारून नवा पत्ता लिहा. एकेक अक्षर मोठ्याने वाचा. ‘शुभांगी’ इंग्रजीत लिहिताना एका अक्षराची चूक झाली, तर तुमची पत्रं कुठल्या तरी अनोळखी शुभांगीच्या दारात जातील.

४. आता नवं खातं उघडा. तिथे एक पत्र आलेलं असेल: ‘अमुक खात्याचं टपाल तुमच्याकडे पाठवायचं आहे, तुमची संमती आहे का?’ त्यातल्या दुव्यावर टिचकी मारून होकार द्या. ही पायरी का? समजा ती नसती, तर कोणीही आपलं सगळं टपाल तुमच्या दारात आणून ओतू शकलं असतं. शिवाय पत्ता चुकला असेल तर तोही इथेच कळतो, कारण होकार द्यायचं पत्र तुम्हाला येतच नाही.

५. परत जुन्या खात्यात या आणि पान पुन्हा उघडा. पुढे पाठवण्याचा पर्याय निवडा. शेजारी विचारलेलं असतं, ‘मूळ प्रतीचं काय करू?’ तिथे मूळ प्रत जुन्या इनबॉक्समध्ये राहू दे, असं निवडा. ‘डिलीट’ निवडू नका. पुढे पाठवताना काही बिघडलं, तरी मूळ पत्र तुमच्याजवळ राहील.

६. पानाच्या अगदी तळाशी जा आणि ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. निम्मी माणसं इथेच चुकतात! सगळं बरोबर करतात आणि शिक्का मारायचा विसरतात.

७. आता परीक्षा. एखाद्या मित्राला सांगा, ‘माझ्या जुन्या पत्त्यावर एक ओळ पाठव.’ ती नव्या खात्यात दिसली की जिंकलात. नव्या खात्यातही स्पॅमचा कप्पा एकदा उघडून पाहा.

तीन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, आज सोय सुरू केली तर आजपासूनची पत्रंच पुढे जातात. आधी येऊन पडलेली जुनी पत्रं आपोआप हलत नाहीत. दोन, जुन्या खात्याने ज्या पत्राला स्पॅम ठरवलं, ते पुढे जात नाही. तेव्हा महत्त्वाच्या पत्राची वाट पाहत असाल तर जुना स्पॅमचा कप्पाही उघडून पाहा. तीन, आलेल्या पत्राला तुम्ही नव्या खात्यातून उत्तर दिलंत, तर ते नव्या पत्त्यावरून जातं. समोरच्याला वाटेल, ‘हे कोण?’ म्हणून पहिल्या ओळीत आपलं नाव आणि जुना पत्ता लिहा.

सगळंच टपाल पुढे नको, फक्त शाळा-कॉलेजचं हवं, असं असेल तर ‘फिल्टर’ नावाची चाळणी लावता येते. अमक्या पत्त्यावरून आलेलं तेवढंच पुढे पाठव, बाकीचं राहू दे. गव्हाचे खडे निवडण्यासारखंच की!

दोन पोस्टमन आणि एक बिचारं पाकीट

आता एक गंमत. समजा, एका हुशार मुलाने जुन्या खात्याचं टपाल नव्याकडे वळवलं. मग त्याला वाटलं, नव्याचं जुन्याकडेही वळवू, म्हणजे दोन्हीकडे सगळं दिसेल. काय होईल?

जुना पोस्टमन पाकीट नव्याकडे पाठवेल. नवा ते जुन्याकडे पाठवेल. जुना पुन्हा नव्याकडे. तुळजापूरचं पाकीट नळदुर्गला, नळदुर्गचं तुळजापूरला, दिवसभर तेच! ई-मेलला तर एका फेरीला काही सेकंद पुरतात.

पण हे चक्र कायम चालत नाही. जुन्या पाकिटांवर तुम्ही टपाल कार्यालयांचे गोल शिक्के पाहिले असतील. ई-मेल ज्या ज्या कॉम्प्युटरमधून जातो, तो प्रत्येक कॉम्प्युटर त्यावर असाच एक शिक्का उमटवतो. आपल्याला तो सहसा दिसत नाही, पण पत्राच्या माथ्यावर लपलेला असतो. शिक्के फार झाले की कॉम्प्युटर म्हणतो, ‘अरे, हे पाकीट गोल गोल फिरतंय!’ आणि ते पाठवणाऱ्याकडे परत लावतो. ही मर्यादा बरीच मोठी, निदान शंभर शिक्क्यांची तरी ठेवावी, असं नियमांत सुचवलं आहे. काही कॉम्प्युटर तर आपलंच नाव पाकिटावर आधी पाहिलं की लगेच थांबतात.

तेव्हा नियम सोपा: टपाल एकाच दिशेने वळवायचं. जुन्याकडून नव्याकडे.

लाखेची मोहोर

कधी कधी पुढे पाठवलेलं खरंखुरं पत्र नव्या खात्यात स्पॅममध्ये जाऊन पडतं. का बरं?

नव्या खात्याचा पोस्टमन संशयी असतो, आणि असायलाच हवा. पत्रावर लिहिलेलं असतं, ‘पाठवणार: अमुक बँक.’ पण पाकीट हातात देतो तुमच्या जुन्या खात्याचा कॉम्प्युटर. तो म्हणतो, ‘बँकेचा माणूस तर वेगळा असतो. तू कोण?’ प्रत्येक संस्था आपलं टपाल कोणते कॉम्प्युटर आणून देतील याची यादी जाहीर करू शकते. मध्येच दुसऱ्याने पाकीट आणलं की यादीशी मेळ बसत नाही.

यावर उपाय म्हणजे मोहोर. जुन्या काळी खलित्यावर लाखेची मोहोर लावत. खलिता कोणीही आणून देवो, मोहोर शाबूत असेल तर तो खरा. ई-मेललाही गणिताने तयार केलेली अशी मोहोर लावता येते. पत्रातला मजकूर बदलला की ती मोडते. मजकूर जसाच्या तसा पुढे गेला, तर ती टिकते आणि पत्र खरं ठरतं.

पालकांसाठी (आणि मुलांसाठीही!)

आता जरा गंभीर होऊ या. जी सोय आपल्या उपयोगाची, तीच चोराच्याही उपयोगाची. तुमचं खातं उघडं ठेवून तुम्ही उठलात आणि कोणी दोन मिनिटांत स्वतःचा पत्ता तिथे भरला, तर? तुमचं प्रत्येक पत्र त्याच्याकडेही जाईल. निकाल, बँकेची सूचना, पासवर्ड बदलायचा दुवा, सगळं. तुम्हाला मात्र तुमची पत्रं नेहमीसारखी दिसत राहतील. म्हणून संशय येत नाही.

आणि नीट ऐका: नुसता पासवर्ड बदलून हा पाट बंद होत नाही. कुलूप बदललं, पण भिंतीतलं भोक तसंच राहिलं, तर काय उपयोग? त्यासाठी फॉरवर्डिंगच्या पानावर आणि फिल्टरच्या यादीत जाऊन अनोळखी पत्ता काढून टाकावा लागतो. जीमेल नवं फॉरवर्डिंग सुरू झालं की पहिला आठवडाभर इनबॉक्समध्ये सूचना दाखवतं. ती न वाचता बंद करू नका.

आपल्याकडे कितीतरी खाती ऑनलाइन केंद्रात, दुसऱ्याच्या हाताने काढलेली असतात. मदत करणारी माणसं चांगलीच असतात. पण किल्ली आपल्याच खिशात हवी. तेव्हा आज रात्री जेवण झालं की घरातलं प्रत्येक खातं उघडा. पासवर्ड आपण स्वतः ठेवलेला आहे का? खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आपलाच आहे का? फॉरवर्डिंगच्या पानावर कोणाचा अनोळखी पत्ता आहे का? एका घराला पंधरा मिनिटं पुरतात. आणि अर्ज भरताना ‘माझाच ई-मेल टाकून देतो’ असं कोणी म्हणालं, तर हसून सांगा, ‘नको, आमचा आहे.’

पूल म्हणजे घर नव्हे

टपाल वळवलं की काम संपलं, असं मात्र नाही. वळवणं म्हणजे पूल. पुलावरून पलीकडे जायचं असतं, पुलावर बिऱ्हाड करायचं नसतं.

कारण जुनं खातं कायम राहीलच असं नाही. शाळा-कॉलेजने दिलेलं खातं शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतं, आणि खातं बंद की फॉरवर्डिंगही बंद. गुगलनेही २०२३ साली नियम जाहीर केला, की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जाऊ शकतात. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी जुन्या खात्यात एक चक्कर मारा, जसे आपण सुट्टीत गावाकडचं घर उघडून झाडून येतो. २०१३ साली याहूने बराच काळ न वापरलेले पत्ते दुसऱ्या लोकांना द्यायला सुरुवात केली. तेव्हा काही नव्या मालकांच्या दारात जुन्या मालकांची खासगी पत्रं येऊन पडली होती. सोडलेल्या पत्त्याचं असंही होतं!

म्हणून एक वही घ्या. तुमचा जुना पत्ता कुठे कुठे दिला आहे, ते लिहून काढा: शिष्यवृत्ती, परीक्षा, कॉलेज, बँक, एसटीचा पास. मग पुढे धाडलेलं पत्र जिथून येईल, तिथे जाऊन नवा पत्ता नोंदवा आणि वहीत खूण करा. दर महिन्याला पुढे येणारी पत्रं कमी कमी होत जातील. शेवटी पुलावर कोणीच उरणार नाही. तेव्हा समजा, आपलं बिऱ्हाड नीट हललं.

वर्गात खेळा

पाच जण घ्या. एक ‘पाठवणारा’, एक ‘जुना पत्ता’, एक ‘नवा पत्ता’, एक ‘पोस्टमन’ आणि एक ‘गुपचूप कान देणारा’. दहा चिठ्ठ्या करा. ज्याच्या हातात चिठ्ठी जाईल, त्याने तिच्यावर आपल्या नावाचा शिक्का म्हणून एक ठिपका काढायचा. पहिल्या डावात कोणीच टपाल वळवू नका आणि किती चिठ्ठ्या जुन्या पत्त्यावर पडून राहिल्या ते मोजा. दुसऱ्या डावात जुन्याकडून नव्याकडे वळवा. तिसऱ्या डावात दोघांनी एकमेकांकडे वळवा आणि एका चिठ्ठीवर वीस ठिपके किती सेकंदांत होतात ते पाहा! चौथ्या डावात ‘कान देणाऱ्या’ने जुन्या पत्त्याशी गुपचूप संधान बांधायचं. नव्या पत्त्याने ओळखायचं, की आपली पत्रं आणखी कोण वाचतंय? बघा जमतं का. फार अवघड आहे, आणि तेच तर शिकायचं आहे.

भूकंपानंतर नव्या जागी गेलेल्या त्या गावांनी जुनं नाव सोडलं नाही, कारण नावावर माणसं शोधत येतात. धाराशिवचं नाव बदललं तरी ४१३५०१ राहिला, म्हणून आजोबांचं पत्र पोचतं. तुम्हीही उद्या शिकायला, नोकरीला, लग्न होऊन कुठे कुठे जाल. पत्ते बदलतील, फोन बदलतील. जाताना एक काम न विसरता करा: जुन्या दारावर नव्या घराची पाटी लावा.

उमरग्याची ती ताई आता शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या सुट्टीत ती गावी आली, तेव्हा तिने धाकट्या भावाचं पहिलं ई-मेल खातं काढलं. त्याच्या पूर्ण नावाचं. आणि पासवर्ड त्याचा त्यालाच ठेवायला लावला, आईच्या डब्यातल्या चिठ्ठीवर नाही!